चाळगल्लीची कचेरी

सत्तर वर्षांच्या आयुष्यात विजयलक्ष्मीबाई थोडंफार खोटं बोलल्या होत्या आणि ते सगळं सुखरूप पचलं होतं. घोटाळा झाला तो त्या खरं बोलल्या त्या दिवशी.

साल दोन हजार सहा. वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या फ्लॅटात मुलगी पाहायचा कार्यक्रम चालला होता. मुलगी म्हणजे त्यांची नात जननी. मुलगा यश, मिरजेचा, चेन्नईच्या एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. खरं म्हणजे दोघांनी एकमेकांना वर्षभरापूर्वीच पाहून, पारखून आणि पसंत करून टाकलं होतं. आता वडीलधाऱ्यांना आपण काहीतरी ठरवतोय असं वाटावं, एवढ्यासाठीच हा घाट होता. मिरजेहून यशचे आजोबा काशिनाथपंत आले होते. त्यांच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती, पण अंगावरचा सफारी, खिशातली दोन पेनं आणि काखेतली फाईल यांना कुणी निवृत्तीचं कळवलेलं दिसत नव्हतं.

"तुमचं मूळचं घर कुठलं हो, मद्रासेतलं?" त्यांनी विचारलं.

बाई त्यांच्यापुढे कॉफीचा टंबलर ठेवत होत्या. लक्ष सगळं टंबलरवर, त्यामुळे तोंडावर पहारा राहिला नाही.

"जॉर्ज टौनांत. चाळगल्लींत वाढलें मी."

"म्हणजे चाळीत वाढलात तर," काशिनाथपंतांचा चेहरा उजळला. "मीसुद्धा शाळेला मामाकडे होतो, गिरगावात, चाळीतच. आणि वडील काय करत?"

"अप्पा कचेरीस बसायचे."

पंतांनी मांडीवर थाप मारली. "यश, ऐकलंस का? कचेरीतला माणूस. अरे, मला वाटलं हे लोक परके. हे तर आपलेच निघाले." आणि त्यांनी तिथल्या तिथे गुळाचा खडा मागून सगळ्यांच्या हातावर ठेवला.

आता ही भानगड काय झाली ते सांगायला हवं. बाईंचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी घेऊन तंजावरला गेले. इकडे राहिलेली मराठी इकडे म्हातारी झाली, तिकडे गेलेली तिकडे, आणि दोघी बहिणींची मधल्या काळात गाठभेट नाही. पंतांची चाळ म्हणजे खोल्यांची रांग, पुढे गॅलरी, मागे सामायिक नळ. बाईंची चाळ म्हणजे नाचणारीनं पायात बांधायचे घुंगरू. पंतांची कचेरी म्हणजे फायली, शिक्के आणि साहेबाची घंटा. आणि तमिळ मुलखात जन्म घालवलेल्या बाईंची कचेरी म्हणजे तमिळ लोकांची कच्चेरी, गाण्याची मैफल. बाई सांगत होत्या की मी घुंगरांच्या गल्लीत वाढले आणि माझे वडील मैफलीला बसत. पंतांनी ऐकलं की आम्ही सालस, चाळकरी, सरकारी नोकरीतली माणसं.

चूक बाईंच्या लगेच ध्यानात आली. त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांच्या मुलानं, विजयेंद्रनं, त्याच तोंडात गुळाचा खडा घातला.

विजयेंद्र बँकेत अधिकारी होता आणि जन्मतःच घाबरट होता. पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, "अम्मा, पोदुम्, पुरे. ते कचेरी म्हणाले तर कचेरी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण अप्पा कारकून नव्हते रे."

"कोणी विचारलं तुला? लग्न होईपर्यंत राहू देत की कारकून."

बाई गप्प बसल्या. गप्प बसायची त्यांना सवय होती. त्यांच्या आईनं त्यांना चौदाव्या वर्षी त्या गल्लीतून उचलून मांबलमला आणलं तेव्हाच बजावलं होतं: बापाचं नाव विचारलं तर सांग दत्ताजीराव, आणि धंदा विचारला तर विषय बदल. बाईंनी पुढे पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे विषय बदलणं त्यांना सोपं गेलं. पण विषय बदलणं वेगळं आणि बाप बदलणं वेगळं. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या.

कारण चाळगल्ली काय होती, हे माहीत असणाऱ्या मोजक्या माणसांतल्या त्या एक उरल्या होत्या.

पालिकेच्या पाटीवर त्या गल्लीला कुणा सज्जनाचं नाव होतं. ते त्या सज्जनाच्या घरच्यांनीही कधी पत्त्यात लिहिलं नसेल. तमिळ लोक तिला सलंगै संदु म्हणत, घुंगरांचा बोळ. मराठी घरं तिथं चारच, ती म्हणत चाळगल्ली. बंदराला जवळ, त्यामुळे जहाजावरून उतरलेला माणूस देवळाची वाट विचारायचा आणि लोक त्याला न विचारता इकडचीच वाट दाखवायचे. वरच्या मजल्यांवर नाचगाण्याच्या बैठका. खाली सुब्बाचा जुगाराचा अड्डा. त्याच्या दारावर पाटी होती 'भजन मंडळी', आणि आत खरोखर एक पेटी आणि एक झांज ठेवलेली असे, पण ती वाजवता येणारा माणूस एकही नसे. कोपऱ्यावर ताडीचं दुकान, त्याला चिकटून एक वैद्य, त्याला चिकटून एक ज्योतिषी. ताडी पिऊन पोट बिघडलं की वैद्याकडे आणि वैद्याकडून गुण आला नाही की ज्योतिषाकडे, असं माणसाचं सगळं आयुष्य वीस पावलांत उरकत असे. एकदा एका व्यापाऱ्याची वरात वाट चुकून गल्लीत शिरली. वराचे मामा, काका आणि दोन भाऊ यांना गल्लीतल्या लोकांनी नावानं हाका मारून पान दिलं. मुलीच्या बापानं ते पाहिलं. लग्न मोडलं नाही, पण हुंडा म्हणे निम्म्यावर आला.

अशा गल्लीत तुळसीच्या बैठकीला देशस्थाचा मुलगा दत्ताजी मागे बसून फिडल वाजवी. सकाळी संध्या, संध्याकाळी फिडल. गावातल्या मोठ्या सभांनी त्याला बोलावलं नाही, कारण तो गल्लीत वाजवतो. आणि गल्ली त्यानं सोडली नाही, कारण त्याच्या मते गावात कान फक्त गल्लीलाच होते. तुळसी तेव्हा विशीतली. तिच्या पायात चाळ बोलू लागले की खाली सुब्बासुद्धा पत्ते उलटे ठेवून वर बघायचा.

आणि दत्ताजीची खरी कामगिरी वेगळीच होती. गल्लीत धाड यायची. पांढरं हेल्मेट घातलेला एक गोरा सार्जंट चार शिपाई घेऊन कोपऱ्यावर दिसायचा. खिडकीत बसलेली आठ वर्षांची विजयलक्ष्मी ते हेल्मेट बघायची आणि बापाचं धोतर ओढायची. त्याबरोबर दत्ताजी चालू असलेला राग अर्ध्यावर टाकून एक इंग्रजी थाटाची चाल सुरू करायचा. त्यानंच बांधलेली, बँडवर कवायत चालावी तशी ठेक्याची. सार्जंटाला वाटायचं, आपल्या स्वागताला वाजवतात. तो खिडकीखाली थांबून बुटानं ताल धरायचा आणि चाल संपेपर्यंत हलायचा नाही. एवढा सभ्य माणूस. तेवढ्यात सुब्बाची भजन मंडळी मागच्या भिंतीवरून पसार. मग सार्जंट आत जाऊन रिकामी खोली, पेटी आणि झांज बघायचा आणि बाहेर पडायचा. तो कोपऱ्यावरून वळला की पोरगी पुन्हा धोतर ओढायची, आणि दत्ताजी चालीचा दुसरा भाग वाजवायचा. त्याच्या शेवटी एक बारीकशी गिरकी होती, सुरावरून घसरून पुन्हा सुरावर येणारी. त्याचा अर्थ, या परत. दत्ताजीनं ती चाल मुलीला शीळ घालून वाजवायला शिकवली होती, कारण फिडलच्या मानानं तिचे हात लहान होते.

पुढे कायदे झाले, बैठका बंद झाल्या, घर मांबलमला आलं. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून फिडलची पेटी माळ्यावर गेली आणि दत्ताजी गेला तरी तिथंच राहिली. बाईंनी त्यानंतर शीळ घातली नाही. गणिताच्या बाईंनी घालायची नसते.

तीन महिन्यांनी काशिनाथपंत लग्नाची साडी घ्यायला पुन्हा आले. साडी घेऊन झाली, आणि त्यांनी जेवताना जाहीर केलं, "विहीणबाई, आता मला एकच पाहायचंय. तुमच्या वडिलांची कचेरी. मी अख्ख्या मिरजेत सांगितलंय, मुलीचे पणजोबा मद्रासला कचेरीला बसत. लोक विचारतात, कुठली कचेरी? मला सांगता आलं पाहिजे."

रसम् वाढणाऱ्या जननीचा हात थांबला. तिला आजीनं सगळं सांगितलं होतं आणि यशला तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. विजयेंद्रला ठसका लागला. पण घाबरट माणसाला ऐन वेळी भलतंच सुचतं.

"दाखवू की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मांबलमहून गाडीनं यशसकट ती पाच माणसं बीच स्टेशनला उतरली आणि विजयेंद्रनं त्यांना सरळ हायकोर्टासमोर नेऊन उभं केलं. लाल भिंती, घुमट, मनोरे, काळ्या कोटांची ये-जा.

"हीच," विजयेंद्र म्हणाला.

काशिनाथपंत बघतच राहिले. त्यांची तहसील कचेरी कौलारू होती आणि पावसाळ्यात फायलींवर छत्री धरावी लागे. "एवढी मोठी," ते हळूच म्हणाले. त्यांनी फाईल यशच्या हातात दिली, चपला काढल्या आणि रस्त्यावरूनच त्या इमारतीला हात जोडले. "दत्ताजीराव, नमस्कार करतो. इथं बसून तुम्ही नाव काढलंत."

विजयेंद्र खूश होता. बाई नव्हत्या. हा भला माणूस उन्हात अनवाणी उभा राहून त्यांच्या बापाला नमस्कार करत होता, आणि नमस्कार भलत्याच पत्त्यावर जात होता. अप्पांनी या लाल वाड्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. अप्पांचं नाव जगात कुठं निघालं असेल तर ते इथून पाव मैलावर, आणि तिथं त्यांना कुणी हात जोडले नव्हते.

"आणि चाळ?" पंतांनी चपला घालत विचारलं. "चाळही जवळच असेल."

"ती पाडली," विजयेंद्र म्हणाला.

"पाडलेली नाही," बाई म्हणाल्या. "चला, दाखवितें."

"अम्मा, वेण्डाम्, नको."

"तूं नको येऊंस हवं तर," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. पंचावन्न वर्षांत त्या इकडे आल्या नव्हत्या, पण कुठं वळायचं हे पायांनी त्यांना विचारलं नाही.

गल्ली होती तेवढीच अरुंद होती. वरचे मजले कलले होते, सुब्बाच्या भजन मंडळीच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दोन्ही बाजूंना टपऱ्यांवर सीडींच्या चळती लागल्या होत्या. शुक्रवारी थिएटरात लागणारे सिनेमे इथं बुधवारीच मिळत. गल्लीनं धंदा बदलला होता, चालरीत नव्हती. यश बाईंच्या मागे चालता चालता एकदम हळू झाला आणि त्यानं रुमालानं तोंड पुसायला घेतलं. पुसून झालं तरी रुमाल काढला नाही.

मग काशिनाथपंत गल्लीच्या तोंडाशी आले. उंच, ताठ, सफारी, खिशात दोन पेनं, काखेत फाईल. ते थांबले आणि चष्मा वर करून दोन्ही बाजूंच्या दुकानांवरून सावकाश नजर फिरवू लागले, जशी ते बत्तीस वर्षं लोकांच्या कागदांवरून फिरवत आले होते.

चहाच्या टपरीवरच्या माणसानं ग्लास खाली ठेवला आणि शीळ घातली.

ठेक्याची, कवायतीसारखी शीळ. पुढच्या टपरीवाल्यानं ती उचलली, त्याच्याकडून तिसऱ्यानं, आणि गल्लीच्या त्या टोकापर्यंत ती गेली. तिच्यामागोमाग शटर खाली आली, धडाधड. चळती पोत्यात, पोती पायऱ्यांखाली, माणसं मागच्या भिंतीवरून पलीकडे. पाहता पाहता गल्लीत एक म्हैस, चहाचं उकळतं पातेलं आणि ही पाच माणसं एवढंच उरलं.

काशिनाथपंत चकित झाले. "काय झालं? कुणी गेलं का?"

बाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि उजवा पाय जमिनीवर ताल धरत होता, हेही त्यांना कळत नव्हतं. अप्पांची चाल. सुराला थोडी झिजली होती, मधला एक वळसा कुणीतरी गाळला होता, पण तीच. साठ वर्षं गल्लीनं ती एकाकडून दुसऱ्याकडे दिली होती, चाल कुणाची हे न विचारता. मांबलमला ज्या माणसाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं, तो इथं रोज वाजत होता.

बाई चहावाल्याकडे गेल्या. "ही शीळ तुला कोणी शिकविली?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"कसली शीळ, अम्मा? मी चहा विकतो."

"मधला वळसा चुकतोस," बाई म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले, ओठ ओले केले आणि शीळ घातली. पहिली फुंकर नुसती हवाच गेली. दुसरीला सूर लागला. चालीचा दुसरा भाग, आणि शेवटी ती गिरकी, घसरून पुन्हा सुरावर येणारी. जननीनं आजीला आयुष्यात शिंकताना सुद्धा मोठ्यानं ऐकलं नव्हतं. ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

मग एक शटर वीतभर वर झालं. मग दुसरं. खालून आधी डोळे आले, मग माणसं. आणि समोरच्या कललेल्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. पांढऱ्या केसांची एक फार म्हातारी बाई त्यातून वाकली.

"ही गिरकी कोणी घेतली?" तिनं वरून विचारलं. "या गाढवांना ती कधी येत नाही. दत्ताजीच्या पोरीशिवाय ती कोणाला येत नाही."

"मीच आहे, तुळसीअक्का," बाई म्हणाल्या.

"मग इतकी वर्षं कुठं होतीस? सार्जंट जाऊन जमाना झाला." म्हातारी हसली. "आणि हा सफारीवाला कोण?"

काशिनाथपंतांना तमिळचं अक्षर कळत नव्हतं, पण आपल्याविषयी चाललंय एवढं कळलं. "काय म्हणतात त्या?" त्यांनी विचारलं.

विजयेंद्र पुढे झाला. "त्या म्हणतात, दत्ताजीराव फार मोठे कारकून—"

"विजू, गप्प बस," बाई म्हणाल्या. मग त्या व्याह्यांकडे वळल्या. "राव, मी तुमास खोटें सांगितलें नाही, पण तुम्ही वेगळें ऐकलांत आणि मी गप्प राहिलें. आमची चाळ म्हणजे पायांत बांधायचे चाळ. ही नाचणाऱ्या बायकांची गल्ली. आणि आमची कचेरी म्हणजे गाण्याची बैठक. माझे अप्पा ह्या तुळसीअक्काच्या मागें बसून फिडल वाजवायचे. खाली जुगार चालायचा, आणि धाड आली की अप्पा ही चाल वाजवून सगळ्यांस पळवायचे. खिडकीत मी बसायची. तो लाल वाडा आमचा नव्हे. तुमचा नमस्कार फुकट गेला. आता तुम्ही काय तें ठरवा, पण माझ्या अप्पांस कारकून म्हणूं नका."

जननीनं यशचा हात धरला. विजयेंद्र भिंतीला टेकला. काशिनाथपंत गल्लीकडे पाहत होते, वर उचललेल्या शटरांकडे, खिडकीतल्या म्हातारीकडे.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "हे सगळे मला बघून पळाले?"

"हो. तुम्ही धाडीचे साहेब वाटलांत."

"मला बघून." पंतांनी सफारीची कॉलर नीट केली. "विहीणबाई, बत्तीस वर्षं नोकरी केली. मी व्हरांड्यात आलो तर शिपाई विडीसुद्धा टाकत नसत. आज पहिल्यांदा कुणी मला साहेब समजलं."

एवढ्यात कोपऱ्यातल्या टपरीवाल्यानं पोतं सोडलं आणि यशच्या रुमालाखाली वाकून पाहिलं. "सार्, तुम्ही? आधी सांगायचं ना. तुमची ती कालची प्रिंट बदलून ठेवलीय."

यशचे कान लाल झाले. जननीनं त्याचा हात सोडला आणि मग हसू न आवरल्यामुळे पुन्हा धरला.

"हा काय म्हणतो?" पंतांनी विचारलं. भाषांतर करायला कुणी पुढे येईना. पण पंतांनी टपरी पाहिली, नातवाकडे पाहिलं आणि त्यांना भाषांतर लागलं नाही. सरकारी माणूस होता, चोरी ओळखायला भाषा लागत नव्हती.

"अस्सं," ते म्हणाले. "म्हणजे या गल्लीशी आपले संबंध आधीपासूनचेच आहेत. मग मी आता काय ठरवायचं?"

आणि त्यांनी पुन्हा चपला काढल्या. गल्लीतल्या चिखलात, म्हशीच्या शेजारी उभं राहून, वरच्या त्या कललेल्या खिडकीला हात जोडले. "दत्ताजीराव, मघाचा नमस्कार चुकीच्या टेबलावर गेला होता. हा घ्या. मिरजेचा माणूस आहे मी. तंबोरे करणाऱ्यांच्या शेजारी जन्म काढला आणि मला सा कळत नाही, पण तुम्ही ज्यासाठी वाजवत होता ते मला आज कळलं."

"माझ्या पाया कशाला पडतो हा?" तुळसीअक्कानं वरून विचारलं.

"पडू देत, अक्का," बाई म्हणाल्या. "त्यास सवय आहे."

त्यांना हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि कुठलं आधी येऊ द्यावं हे ठरत नव्हतं. शेवटी चहावाल्यानं सगळ्यांना चहा दिला तेव्हा ते आपोआप ठरलं, बाई हसल्या. मग त्या तिथंच उभं राहून चहावाल्याला मधला वळसा शिकवू लागल्या. पस्तीस वर्षं पोरांना भागाकार शिकवलेली बाई. वळसा आल्याशिवाय तिनं त्याला सोडलं नाही.

लग्न मार्गळी सरून तै महिना लागल्यावर, म्हणजे संक्रांतीनंतर झालं, मांबलमच्याच एका कल्याण मंडपात. बाईंनी माळ्यावरची पेटी काढायला लावली होती. फिडलला तारा नव्हत्या आणि वाजवणारं कुणी नव्हतं, पण ती उघडी करून मुहूर्ताच्या खांबाजवळ ठेवली, तिला हार घातला. पहिल्या रांगेत तुळसीअक्का बसल्या, जरीकाठी साडीत, सगळ्या विहिणींहून ताठ. शेवटच्या दोन रांगांत चाळगल्ली बसली होती, आंघोळ करून, भांग पाडून, भलतीच सभ्य.

काशिनाथपंतांनी नादस्वरवाल्याला आधीच गाठून ठेवलं होतं. मिरजेची मंडळी दारातून आत आली, सगळ्यांत पुढे पंत, नव्या सफारीत, आणि नादस्वरावर दत्ताजीची चाल सुरू झाली. त्याबरोबर शेवटच्या दोन रांगा एकदम उठल्या आणि मागच्या दाराकडे धावल्या. तिघे तर खिडकीतून गेले. पुढे बसलेल्या बाईंनी मागे न पाहता शीळ घातली, शेवटच्या गिरकीसकट, आणि सगळे लाजत परत येऊन बसले.

जेवणाच्या पंक्तीत मिरजेच्या एका पाहुण्यानं चौकशी केली. "काय हो काशिनाथपंत, मुलीचे पणजोबा कचेरीला बसत म्हणाला होतात. कुठली कचेरी ती? महसूल की न्याय?"

ताक वाढत असलेल्या विजयेंद्रच्या हातातलं पळीभर ताक पाहुण्याच्या केळीच्या पानाबाहेर गेलं. बाई दोन पानं पलीकडे होत्या. त्या घास हातात धरून थांबल्या.

"कचेरी नव्हे," काशिनाथपंत म्हणाले, सगळ्या पंक्तीला ऐकू जाईल अशा आवाजात. "मीच आधी चुकीचं सांगितलं. कच्चेरी. त्यात दोन च असतात. दत्ताजीराव फिडल वाजवत, चाळगल्लीत, या समोर बसल्यात ना त्यांच्यामागे. त्यांची चाल आत्ता तुम्ही ऐकलीत, तिच्यावर पाय टाकत आत आलात."

पाहुण्यानं तुळसीअक्कांकडे पाहिलं, पुन्हा पंतांकडे पाहिलं. "दोन च," तो म्हणाला, काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"दोन," पंत म्हणाले.

मांबलममध्ये, इतक्या माणसांत, अप्पांचं नाव आणि त्यांचा धंदा कुणी एका वाक्यात उच्चारला होता, तो हा पहिला दिवस. बाईंनी हातातला घास तोंडात घातला आणि जननीला हाक मारली.

"व्याह्यांस आणखी ताक वाढ ग," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या बापाच्या हातांत देऊं नकोस."